वाघळांना नावे देणारा वनाधिकारी

खानदेशात पारोळ्यासारख्या एखाद्या जुन्या गावी दिवस मावळला, की आकाशाचे रूप पालटते. पाखरे झाडांवर विसावतात आणि त्यांची जागा दुसरेच उडणारे प्राणी घेतात. पडक्या तटांच्या भेगांतून, ओसाड वाड्यांच्या तुळयांमागून, देवळांच्या शिखरांतून आणि विहिरींच्या कपारींतून वाघळे बाहेर पडतात. ती क्षणात वर जातात, क्षणात खाली येतात आणि अंधारात दिसेनाशी होतात. त्या सर्वांना आपण वटवाघूळ किंवा पाकोळी एवढेच म्हणतो. परंतु ती सारी एकाच जातीची असतात काय? वडपिंपळाची फळे खाणारे मोठे वाघूळ आणि अंगठ्याएवढे लहानसे कीटकभक्षी वाघूळ यांतील फरक कोणालाही कळतो. मात्र दोन लहान वाघळे शेजारीशेजारी ठेवली, तर ती एका जातीची की दोन जातींची, हे सांगणे मोठ्या जाणकारालाही कठीण जाते. ज्या काही थोड्या लोकांनी हे कठीण काम आपले मानले, त्यांत रॉबर्ट चार्ल्स राउटन यांचे नाव आदराने घेतले जाते. ते पेशाने प्राणिशास्त्रज्ञ नव्हते. मुंबई इलाख्याच्या वनखात्यातील ते एक अधिकारी होते.

राउटन यांचा जन्म १५ ऑगस्ट १८४९ रोजी भारतातच झाला. त्यांचे वडील लष्करात होते व ते मेजर जनरलच्या पदापर्यंत चढले होते. त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलाला शिक्षणासाठी इंग्लंडला धाडण्यात आले. बेडफर्ड येथे शालेय शिक्षण आणि लंडनच्या किंग्ज कॉलेजात पुढील शिक्षण घेऊन १८७१ साली ते भारताच्या वनखात्यात रुजू झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. पुढली सुमारे तेहतीस वर्षे त्यांनी ह्याच खात्यात घालविली.

वनाधिकाऱ्याचे जीवन म्हणजे सदैव फिरतीचे जीवन होते. पावसाळा सरला, की राहुट्या बैलगाड्यांवर लादावयाच्या आणि रानोरान हिंडावयाचे. सागाची झाडे मोजावयाची, तोडीचे हिशेब तपासावयाचे, वणव्यांपासून रान राखावयाचे. दिवसभराच्या कामानंतर मिळणारी फुरसत पुष्कळ अधिकारी शिकारीत घालवीत. वाघाचे कातडे आणि सांबराची शिंगे दिवाणखान्यात टांगली, की त्यांना धन्यता वाटे. राउटन यांची दृष्टी निराळी होती. ज्या प्राण्यांकडे शिकारी ढुंकूनही पाहत नाहीत, त्या मुंग्या, उंदीर, खारी आणि वाघळे यांच्यात त्यांचे मन रमले. रानातील थोर प्राणी सर्वांच्या ओळखीचे होते. लहान प्राण्यांची मात्र नीट यादीही झालेली नव्हती.

अशा हौशी अभ्यासकांना एकत्र आणणारी एक संस्था त्या काळी मुंबईत उदयास आली होती. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ निसर्गप्रेमी गृहस्थांनी मिळून बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्या आठांमध्ये डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय वैद्यही होते. प्रार्थना समाजाचे एक संस्थापक म्हणून डॉ. आत्माराम पांडुरंग यांचे नाव महाराष्ट्राला परिचित आहे. १८८६ पासून ह्या संस्थेचे नियतकालिक निघू लागले. रानावनांत एकाकी काम करणाऱ्या माणसाला आपले निरीक्षण इतरांपुढे मांडण्यासाठी त्यामुळे एक हक्काचे व्यासपीठ लाभले.

राउटन यांनी प्रथम मुंग्यांचा अभ्यास हाती घेतला. जेथे मुक्काम पडेल तेथे वारुळे पाहावीत, मुंग्यांचे नमुने जमवावेत आणि ते स्वित्झर्लंडमधील ऑगस्ट फोरेल ह्या विख्यात शास्त्रज्ञाकडे पाठवावेत, असा त्यांचा क्रम होता. फोरेल यांनी त्यांतून अनेक नव्या जातींची वर्णने केली आणि काही मुंग्यांना राउटन यांचेच नाव दिले. पुढे १८९२ साली राउटन यांनी आपल्या देशातील मुंग्यांविषयी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिले. मुंगीसारख्या क्षुद्र कीटकाचे पाय, जबडे आणि कंबर भिंगाखाली तपासून दोन जातींतील भेद शोधण्याची जी सवय त्यांना लागली, ती पुढे त्यांच्या फार उपयोगी पडली.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ओल्डफील्ड टॉमस नावाचे सस्तन प्राण्यांचे मोठे तज्ज्ञ होते. त्यांच्याशी आलेल्या संबंधामुळे राउटन यांचे लक्ष मुंग्यांकडून सस्तन प्राण्यांकडे वळले, आणि त्यांतही वाघळांकडे विशेष गेले. वाघूळ उडते, तथापि ते पक्षी नव्हे. त्याच्या अंगावर पिसे नसून लव असते. ते अंडी घालीत नाही, तर पिलांना जन्म देऊन दूध पाजते. त्याचा पंख म्हणजे त्याचा हातच होय. हाताची बोटे लांबच लांब वाढून त्यांमध्ये पातळ कातडीचा पडदा ताणलेला असतो. खरीखुरी उड्डाणशक्ती लाभलेला सस्तन प्राण्यांचा हा एकच गण आहे. आज जगात वाघळांच्या चौदाशेहून अधिक जाती ज्ञात आहेत, आणि त्यांपैकी सव्वाशेहून अधिक भारतात आढळतात.

मग ह्या जाती ओळखावयाच्या कशा? रंगावर विसंबून राहता येत नाही. कारण एकाच जातीत वयाप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे रंग बदलतो. लवेची दाटीही फसवी असते. म्हणून अभ्यासक मोजमापाचा आश्रय घेतात. वाघळाच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडाला अग्रबाहू म्हणतात. पूर्ण वाढ झालेल्या वाघळात ह्या हाडाची लांबी फारशी कमीजास्त होत नाही, म्हणून ती सर्वांत विश्वासाची मानली जाते. तिच्या जोडीला डोके व धड यांची लांबी, शेपटी, मागचे पाऊल आणि कान यांची मापे घ्यावयाची. कानाच्या आत उभी असलेली लहानशी पाळी कशा आकाराची आहे, तेही पाहावयाचे. शेवटी कवटी स्वच्छ करून तिची लांबीरुंदी मोजावयाची आणि दात गणावयाचे. कित्येकदा जबड्याच्या एका कोपऱ्यात दडलेला, मोहरीहून बारीक असा एखादा दात दोन जातींचा निवाडा करतो. हे काम घाईने होत नाही. त्यासाठी तीक्ष्ण दृष्टी, स्थिर हात आणि त्याहूनही स्थिर मन लागते.

राउटन यांच्या ह्या परिश्रमांची दखल लवकरच घेतली गेली. १८९७ साली सुरत जिल्ह्यातील कीम येथील एका पिवळसर वाघळाचे वर्णन टॉमस यांनी प्रसिद्ध केले आणि त्या वाघळाला राउटन यांचे नाव दिले. दोन वर्षांनी, १८९९ मध्ये, राउटन यांनी स्वतः कोकणातील काही वाघळांविषयी एक लेख लिहिला. त्या लेखात त्यांनी एका चिमुकल्या वाघळाला नवी जाती म्हणून नाव दिले. ते वाघूळ डांगच्या जंगलातील म्हेसकातरी ह्या ठिकाणचे होते. डांगचा हा मुलूख खानदेशच्या पश्चिम सीमेला लागून आहे. पिपिस्ट्रेलस मिमस असे त्या वाघळाचे शास्त्रीय नाव ठेवण्यात आले. त्याचा अग्रबाहू अवघा २५ ते ३० मिलिमीटर लांब असतो. म्हणजे पंख मिटून बसलेला हा जीव काड्यापेटीत सहज मावेल. घरांच्या कौलांखाली आणि भिंतींच्या फटींत राहून तो रात्रभर बारीकसारीक कीटक टिपतो. शेतकऱ्याच्या जवळ राहून त्याची सेवा करणारा हा प्राणी शेतकऱ्याच्या दृष्टीस मात्र क्वचितच पडतो.

राउटन यांच्या चिकित्सक दृष्टीचे दुसरे उदाहरण आपल्या अंगणातील खारीचे आहे. घराअंगणात आढळणाऱ्या तीन व पाच पट्ट्यांच्या खारी पूर्वी एकाच जातीत गणल्या जात. अनेक ठिकाणच्या खारी एकत्र मांडून पाहिल्यावर राउटन यांच्या ध्यानात आले, की दक्षिणेकडील खारीच्या पाठीवर तीन फिके पट्टे असतात, तर उत्तरेकडील खारीच्या तीन पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंस आणखी एकेक फिका पट्टा असतो. १९०५ साली त्यांनी पाच पट्ट्यांच्या खारीला स्वतंत्र जाती ठरवून तिला पेनंट ह्या जुन्या निसर्गशास्त्रज्ञाचे नाव दिले. लक्षावधी लोकांनी जिला रोज पाहिले होते, तिच्या पाठीवरील दोन पुसट रेघांचा अर्थ एका माणसाने लावला. हा निर्णय आजही शास्त्राला मान्य आहे.

१९०४ साली राउटन सेवानिवृत्त झाले आणि इंग्लंडला परतले. बहुतेक माणसे निवृत्तीनंतर विश्रांती घेतात. राउटन यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन अभ्यास आरंभिला. तेथे टॉमस यांच्या सहवासात त्यांनी आफ्रिकेतील लहान सस्तन प्राण्यांवर लेखन केले. परंतु ज्या रानांत आयुष्याची तीन तपे गेली, त्या रानांचा त्यांना विसर पडला नव्हता. भारतातून आलेले प्राण्यांचे नमुने पाहताना एक उणीव त्यांना सतत जाणवे. कोठे एका प्राण्याचे कातडे होते, तर कवटी नव्हती. कोठे कवटी होती, तर ती कोणत्या गावची हे लिहिलेले नव्हते. कित्येक जातींचा एखादाच नमुना उपलब्ध होता. एका माणसाची उंची मोजून साऱ्या गावाची उंची सांगता येत नाही. त्याचप्रमाणे एका वाघळाचे माप घेऊन साऱ्या जातीचे माप ठरविता येत नाही. त्यासाठी एकाच जातीचे अनेक नमुने, अनेक ठिकाणांहून आणि सारख्याच पद्धतीने जमविलेले असावे लागतात.

ही उणीव भरून काढण्यासाठी बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीने एक प्रचंड कार्य अंगावर घेतले. भारत, ब्रह्मदेश आणि श्रीलंका ह्या विस्तीर्ण प्रदेशांतील सस्तन प्राण्यांची पद्धतशीर पाहणी करावयाची, असे ठरले. मुंबईत सोसायटीचे मानद चिटणीस डब्ल्यू. एस. मिलर्ड यांनी पैसा व माणसे उभी केली, आणि लंडनमध्ये आलेल्या नमुन्यांचा अभ्यास करण्याची जबाबदारी राउटन यांनी उचलली. १९११ साली ह्या पाहणीस आरंभ झाला. आणि खानदेशवासीयांना अभिमान वाटावा अशी गोष्ट ही, की तिचे पहिले पाऊल खानदेशातच पडले.

सी. ए. क्रम्प नावाचे संग्राहक प्रथम येथे आले. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर आणि मध्ये तापी व तिला मिळणाऱ्या नद्यांचा काळ्या मातीचा प्रदेश, अशी खानदेशची रचना आहे. डोंगरांतील साग-सालईची राने, माळरानावरील बाभळी आणि बोरी, नदीकाठचे मळे आणि कापसाची शेते यांमुळे येथे लहान प्राण्यांना नाना प्रकारची वसतिस्थाने मिळतात. हा प्रदेश उत्तर भारत आणि दख्खन यांच्या मधोमध असल्यामुळे दोन्हीकडच्या प्राण्यांची येथे गाठ पडते. प्राण्यांच्या सीमा कोठे मिळतात हे ज्याला पाहावयाचे असेल, त्याला ह्याहून चांगले ठिकाण विरळा.

संग्राहकाचे काम कष्टाचे होते. रात्री सापळे लावावयाचे, पहाटे ते तपासावयाचे आणि ऊन चढण्यापूर्वी प्रत्येक प्राण्याची मापे घ्यावयाची. कारण मेलेले शरीर आखडू लागले, की मापे चुकतात. मग कातडे सोलून, त्यात कापूस भरून ते वाळवावयाचे. कवटी निराळी स्वच्छ करून तिला त्याच क्रमांकाची चिठ्ठी बांधावयाची. काही वाघळे मद्यार्कात बुडवून ठेवावयाची, म्हणजे त्यांचे नाजूक कान व पडदे सुकून विद्रूप होत नाहीत. प्रत्येक नमुन्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर गाव, तारीख, नर की मादी आणि मिलिमीटरमधील मापे लिहिलेली असत. ही चिठ्ठी हरवली, तर नमुन्याची किंमत शून्य! तिच्यावर संग्राहकाचे नाव राहिले. परंतु कोणत्या कपारीत वाघळे लटकतात आणि कोणत्या बांधावर उंदरांची बिळे आहेत, हे परक्या माणसाला गावकऱ्यांवाचून कोण दाखविणार? अशा कितीतरी अनाम वाटाड्यांचे साहाय्य शास्त्राच्या पाठीशी असते, हे आपण विसरता कामा नये.

खानदेशातील नमुने लंडनला पोहोचले. राउटन यांनी ते एकेक करून तपासले, जुन्या संग्रहांशी ताडून पाहिले आणि १९१२ साली खानदेशावरील वृत्तान्त सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पाहणीचा हा पहिला वृत्तान्त होय. त्यानंतर वऱ्हाड, कच्छ, धारवाड, कानडा असे एकामागून एक प्रदेश पाहण्यात आले. क्रम्प यांच्यानंतर शॉर्टरिज, बाप्टिस्टा, प्रेटर आदी संग्राहकांनी हे काम पुढे नेले. हजारो नमुने जमा झाले. भारतातील सस्तन प्राण्यांविषयी तोपर्यंत जे तुटक ज्ञान होते, त्याला प्रथमच भक्कम पाया मिळाला.

ह्याच सुमारास राउटन यांच्या नावाशी आणखी एका वाघळाचे नाव जोडले गेले. बेळगाव जिल्ह्यात, गोव्याच्या सरहद्दीजवळ, तळेवाडी हे घनदाट अरण्यातील एक गाव आहे. त्याच्या जवळ बारापेडे नावाची गुहा आहे. ह्या गुहेत प्रेटर यांना एक अपूर्व वाघूळ आढळले. त्याचे कान मोठे असून ते पुढे झुकलेले व कपाळावर एकमेकांस जोडलेले होते. अंगाचा रंग गडद तपकिरी असून मानेमागे फिकट पट्टा होता. शेपटीचा बराचसा भाग पडद्याच्या बाहेर मोकळा सुटलेला होता. १९१३ साली टॉमस यांनी ह्या वाघळाला राउटन यांचे नाव दिले. पुढे त्याच वर्षी त्याच्यासाठी ओटोमॉप्स ही नवी प्रजाती स्थापन करण्यात आली. पुढली कित्येक दशके साऱ्या जगात हे वाघूळ त्या एका गुहेखेरीज दुसरीकडे कोठे असल्याचे ठाऊक नव्हते. जर कोणी त्याचे कान, कवटी आणि दात बारकाईने पाहिले नसते, तर इतर मोकळ्या शेपटीच्या वाघळांत त्याची गणना होऊन ते विसरले गेले असते. आणि ती गुहा नष्ट झाली असती, तरी काय नाहीसे झाले हे कोणालाही कळले नसते. ज्याला नाव नाही, त्याचे रक्षण करण्याची बुद्धीही माणसाला होत नाही. जातींची नावे ठरविण्याच्या खटाटोपाचे खरे मोल येथे दिसून येते.

१९१८ पासून राउटन यांनी पाहणीचे सारे निष्कर्ष एकत्र गुंफण्यास आरंभ केला. कोणता प्राणी कोणत्या जातीचा, त्याची जुनी नावे कोणती, तो कोठे आढळतो आणि त्याच्या सारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या प्राण्यापासून तो कसा ओळखावा, हे त्यांनी ह्या लेखमालेत क्रमवार मांडले. रानात काम करणाऱ्या सामान्य अभ्यासकालाही आपल्या हातातील प्राणी ओळखता यावा, अशी त्याची रचना होती. सत्तरीच्या उंबरठ्यावर असलेल्या ह्या गृहस्थाने वयाची पर्वा न करता हे काम चालविले. १५ मे १९२१ रोजी त्यांचे निधन झाले. पाहणीचे काम त्यानंतरही १९२३ पर्यंत चालू राहिले. ज्या वृक्षाचे रोप त्यांनी लाविले, त्याचा पूर्ण विस्तार पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. परंतु त्याची मुळे त्यांनी पक्की रोवली होती.

राउटन यांनी ठरविलेल्या आणि त्यांच्या नावाने ओळखल्या गेलेल्या जातींचे पुढे काय झाले, ही कथाही मोठी बोधप्रद आहे. कीम येथील पिवळसर वाघळाला त्यांचे नाव देण्यात आले होते. परंतु १८२१ सालीच वर्णन झालेल्या एका जातीहून ते निराळे नाही, असे नंतरच्या अभ्यासकांना आढळले. शास्त्राच्या नियमाप्रमाणे जुने नाव कायम राहिले आणि राउटन यांचे नाव मागे पडले. म्हेसकातरीच्या चिमुकल्या वाघळालाही पुढे पुष्कळ अभ्यासकांनी, सुमात्रा बेटावरून १८४० साली वर्णन झालेल्या जातीची एक उपजाती मानले. पाच पट्ट्यांची खार मात्र स्वतंत्र जाती म्हणून टिकून राहिली, आणि बारापेडे गुहेतील वाघळाचे नावही अढळ राहिले.

असे बदल का होतात? शरीराची मापे पुष्कळ काही सांगतात. परंतु सर्व काही सांगत नाहीत. दोन निराळ्या जाती सारखेच जीवन जगत असल्यामुळे एकसारख्या दिसू शकतात. उलट, एकच जाती निरनिराळ्या हवामानांत लहानमोठी होऊ शकते. राउटन यांच्या काळी ह्या अडचणीवर दुसरा उपाय नव्हता. पुढे विसाव्या शतकात आनुवंशिकीचे शास्त्र उदयास आले. प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए नावाचे द्रव्य असते व त्याच्या लांब धाग्यावर आईबापांकडून आलेली लक्षणे जणू चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेली असतात. दोन प्राण्यांतील ही लिपी ताडून पाहिली, तर त्यांचे पूर्वज किती काळापूर्वी विभक्त झाले, याचा अंदाज बांधता येतो. आता वाघळाला मारण्याचेही नेहमी कारण पडत नाही. त्याच्या पंखाच्या पडद्यातून टिकलीएवढा तुकडा घेतात, अग्रबाहू मोजतात आणि त्याला सोडून देतात. पंखाचे छिद्र काही आठवड्यांत भरून येते.

तथापि नव्या पद्धतीने जुनी पद्धत रद्द केली, असे मात्र कोणी समजू नये. आफ्रिका आणि अरबस्तानात आढळणाऱ्या ओटोमॉप्स वाघळांचा अलीकडे अभ्यास झाला, तेव्हा अभ्यासकांनी डीएनए आणि कवटीची मापे ही दोन्ही एकत्र पाहिली. दोन्ही साक्षी जुळल्या आणि २०१५ साली एक नवी जाती निश्चित करण्यात आली. एकच साक्षीदार चुकू शकतो. दोन स्वतंत्र साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले, म्हणजे निर्णय दृढ होतो. ह्या कामी जुन्या संग्रहालयांतील नमुनेही उपयोगी पडतात. शंभर वर्षांपूर्वी वाळविलेल्या कातड्याच्या कणापासूनही आता डीएनए मिळविता येते, आणि पायाला बांधलेल्या चिठ्ठीमुळे ते कोणत्या गावचे हेही कळते. ज्यांनी ती चिठ्ठी नेटकेपणाने लिहिली, त्यांना डीएनएची कल्पनाही नव्हती. आपले काम पुढे कोणाच्या कोणत्या उपयोगी पडेल हे ठाऊक नसतानाही त्यांनी ते चोख केले.

बारापेडे गुहेतील वाघूळ पुढे मेघालयात आणि आग्नेय आशियातही आढळले. परंतु त्याची दुर्मिळता संपलेली नाही. भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्याला कडक संरक्षण देण्यात आले. कायद्याला ज्याचे रक्षण करावयाचे, त्याची ओळख आधी कोणीतरी पटवून द्यावी लागते. ती ओळख पटविण्याचे काम गाजावाजा न करता, भिंग, मोजपट्टी आणि लेखणी एवढ्याच साधनांनी झाले होते.

राउटन यांच्या चरित्रात रणांगणावरील पराक्रम नाहीत, की राजदरबारातील वैभव नाही. नोकरीतील कर्तव्य सांभाळून उरलेल्या वेळी त्यांनी ज्ञानाची उपासना केली आणि निवृत्तीनंतरचे सारे आयुष्य तिलाच वाहिले. त्यांचे काही निर्णय टिकले, काही पालटले. परंतु ज्या नमुन्यांवरून ते निर्णय केले, ते नमुने आणि त्यांची मापे त्यांनी पुढच्या पिढ्यांच्या हाती उघडपणे ठेवली. म्हणूनच त्यांचे निर्णय तपासणे आणि आवश्यक तेथे दुरुस्त करणे इतरांना शक्य झाले. आपल्यानंतर येणाऱ्याला आपली चूक शोधता यावी इतके स्वच्छ काम करणे, हा शास्त्रज्ञाचा फार मोठा गुण होय. खानदेशच्या शेतांवरून आजही रात्री वाघळे कीटक टिपीत फिरतात. त्यांच्यापैकी प्रत्येकाची नीट ओळख करून घेण्याचे काम अजून पुरे झालेले नाही. ते पुढे नेणारे अभ्यासक याच भूमीतील शाळांतून निर्माण व्हावेत, यातच राउटन यांच्यासारख्यांच्या परिश्रमांचे सार्थक आहे.